कॅमेऱ्यासाठीं दुसरें भिंग : मत्स्यनेत्र कीं मॅक्रो ?

सुशिक्षित कुटुंबांत डीएसएलआर जातीचा कॅमेरा असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोणा आप्तानें नवा मिररलेस कॅमेरा घेतला आणि जुना अल्प किंमतींत काढला, किंवा मुलाच्या पहिल्या पगारांतून हौसेनें एखादा साधा कॅमेरा आला, म्हणजे त्याजबरोबर १८ ते ५५ मिलिमीटरचें एक भिंगही घरांत येतें. मुंजी, बारशीं, सहली यांत पहिलें वर्ष आनंदानें जातें. पुढें मात्र त्या भिंगाची मर्यादा जाणवूं लागते. खोलींतील सर्व मंडळी एका चित्रांत मावत नाहींत, आणि जाईच्या कळीवरील दंवबिंदु कितीही जवळ गेलें तरी मोठा दिसत नाहीं. मग दुसरें भिंग घेण्याचा विचार मनांत येतो, व बाजारांतील नांवांच्या आणि आंकड्यांच्या गर्दींत मनुष्य गोंधळून जातो.

आमच्या घरीं हा प्रश्न गेल्या वर्षीं अशा वेळीं उभा राहिला कीं, त्याचें उत्तर लांबणीवर टाकतां येण्याजोगें नव्हतें. पुण्यांतील आमचा जुना वाडा पाडून तेथें नवी इमारत बांधण्याचा करार झाला होता आणि पावसाळ्यापूर्वीं जागा मोकळी करून द्यावयाची होती. चार पिढ्या ज्या चौकांत वाढल्या, त्याचें एकही चांगलें छायाचित्र आमच्यापाशीं नव्हतें. पुतण्याजवळ निकॉनचा प्रारंभिक श्रेणीचा एक कॅमेरा होता. एका भिंगापुरते पैसे बाजूस काढतां येणार होते. आमचे थोरले बंधु म्हणाले, "सबंध चौक एका चित्रांत आला पाहिजे, मत्स्यनेत्र भिंग आणा." वहिनींचें म्हणणें वेगळें. त्यांचें लक्ष माळ्यावरील लोखंडी ट्रंकेकडे होतें. तींत पणजोबांच्या मोडी वह्या, सासूबाईंच्या सासूबाईंची नथ आणि देवांच्या जुन्या टाकांचें गाठोडें होतें. "वाडा काय, सगळ्यांच्या डोळ्यांपुढें आहे. पण वह्यांची शाई दरसाल उडते आहे, तिचें काय ? त्यासाठीं मॅक्रो भिंग हवें." दोघांचेंही म्हणणें खरें होतें. निर्णय करण्यासाठीं या दोन्ही भिंगांचा आम्हांस जो अभ्यास करावा लागला, तो वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

माशाला जग कसें दिसतें

मत्स्यनेत्र किंवा फिशआय हें नांव रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानें १९०६ सालीं प्रचारांत आणलें. शांत पाण्याखालून वर पाहिलें असतां बाहेरचें सर्व जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, सुमारें ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यांत गोळा झालेलें दिसतें. कारण पाण्यांत शिरतांना प्रकाशकिरण वांकतात. माशाला जग कसें दिसत असेल हें दाखविण्यासाठीं वुडनें पाणी भरलेल्या कॅमेऱ्यांतून चित्रें घेतलीं. पुढें १९२४ सालीं केंब्रिजचे रॉबिन हिल यांनीं आकाशांतील ढगांचें एकसमयावच्छेदेंकरून चित्र घेण्यासाठीं कांचेचें असें भिंग योजिलें. हेच हिल पुढें वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनामुळें प्रसिद्धीस आले. तात्पर्य, हें भिंग मुळांत गमतीचें नसून आकाश मोजण्याचें साधन होय. आजही वनांतील झाडांच्या छत्रांतून किती उजेड खालीं येतो हें पाहण्यास त्याचाच उपयोग करतात.

साधें रुंद भिंग आणि मत्स्यनेत्र यांतला भेद नीट समजून घेतला पाहिजे. साधें भिंग सरळ रेषा सरळच ठेवतें. पण त्यासाठीं त्याला चित्राच्या कडा ताणाव्या लागतात, आणि दृष्टिकोन १८० अंशांच्या जवळ नेऊं म्हटलें तर ताण अमर्याद होतो. मत्स्यनेत्र सरळपणाचा हट्टच सोडून देतें. चित्राच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या रेषा तेवढ्या सरळ राहतात. बाकीच्या सर्व धनुष्याप्रमाणें वांकतात.

याच्या दोन जाती आहेत. एकींत काळ्या पार्श्वभूमीवर पूर्ण वर्तुळाकार चित्र येतें. दुसरींत चौकट भरून जाते आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १८० अंश मावतात. कुटुंबांतील उपयोगास दुसरी जात बरी. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. प्रारंभिक कॅमेऱ्यांचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरच्या जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. निकॉनचा सुमारें २३.५ × १५.६ आणि कॅननचा सुमारें २२.३ × १४.९ मिलिमीटर. त्यामुळें मोठ्या चौकटीसाठीं केलेलें १५ किंवा १६ मिलिमीटरचें मत्स्यनेत्र अशा कॅमेऱ्यावर लावलें, तर कडेचा भाग कापला जाऊन त्याचें वैशिष्ट्यच निघून जातें. लहान सेन्सरला ८ ते १०.५ मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग हवें. निकॉनचें १०.५ मिलिमीटरचें, सिग्माचें १० मिलिमीटरचें, टोकिनाचें १० ते १७ मिलिमीटरचें आणि सामयांगचें ८ मिलिमीटरचें हीं या मापाचीं परिचित भिंगें होत. यांपैकीं सामयांगचें पूर्णपणें हातानें जुळवावयाचें असल्यामुळें तें इतरांहून स्वस्त पडतें.

आमची फजिती

दोन दिवसांसाठीं भिंग भाड्यानें मिळतें हें कळल्यावर आम्हीं आधीं भाड्यानेंच आणून पाहण्याचें ठरविलें. दुकानदारानें "सगळ्या निकॉनला चालतें" असें छातीठोकपणें सांगितलें. शनिवारीं संध्याकाळीं घरीं येऊन भिंग बसविलें, बटन दाबलें, तों आंत कांहींच हालेना. आमची खात्री झाली कीं बिघडलेलें भिंग गळ्यांत पडलें. थोरले बंधु तर दुकानदाराशीं भांडावयास जाण्यासाठीं पायताण घालून उभे राहिले. अखेर पुतण्यानें खुलासा केला, "काका, भिंग बरोबर आहे. आपल्या कॅमेऱ्यांतच मोटर नाहीं."

वस्तुस्थिति अशी कीं, निकॉननें २००६ सालच्या डी४० पासून आपल्या प्रारंभिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांतून, म्हणजे डी३००० व डी५००० या दोन्ही मालिकांतून, भिंग फिरविणारी मोटर काढून टाकली. ज्या भिंगाच्या नांवांत एएफ-एस किंवा एएफ-पी अशीं अक्षरें आहेत त्यांत स्वतःची मोटर असते. नुसतें एएफ असल्यास तें अशा कॅमेऱ्यावर हातानें फिरवावें लागतें. कॅननच्या ईएफ भिंगांत १९८७ पासून मोटर भिंगांतच असल्यामुळें ही अडचण तेथें येत नाहीं. जुनें भिंग घेणाऱ्यानें हीं अक्षरें अवश्य वाचावीं.

परंतु मत्स्यनेत्राच्या बाबतींत मोटर नसल्यानें फारसें बिघडत नाहीं. नाभीय अंतर जितकें कमी, तितकी स्पष्टतेची खोली अधिक. ८ मिलिमीटरच्या भिंगाचें अ‍ॅपर्चर एफ/८ वर ठेवून अंतराची खूण सुमारें एका हातावर आणली, तर वीतभर अंतरापासून अनंतापर्यंत सर्व कांहीं स्पष्ट येतें. एकदां जुळविलें कीं दिवसभर हात लावण्याचें कारण नाहीं. सांभाळावयाचें तें निराळेंच. या भिंगाची पुढील कांच फुगीर असून तिच्यावर संरक्षक फिल्टर बसत नाहीं, आणि चित्रांत आपले पाय, आपली सावली व तिवईचे खूरही येतात.

रविवारीं सकाळीं आम्हीं ओसरीच्या कोपऱ्यांत उभे राहून चौकाचें चित्र घेतलें. चौक सगळा आला, पण खांब असे वांकले कीं जणूं वाडा आधींच कोसळूं लागला आहे. आईला चित्र दाखवलें. तिनें चष्मा सांवरून पाहिलें आणि म्हणाली, "अरे, हा आपला वाडा नव्हे. घासलेल्या लोट्यांत दिसतो तसा दिसतोय." थोरले बंधु कांहीं बोलले नाहींत, मात्र त्यांचा चेहरा पडला.

चूक भिंगाची नव्हती, आमच्या उभें राहण्याची होती. चौकाच्या कोपऱ्यांतून दोन्ही बाजू दिसाव्या यासाठीं ९० अंशांचा दृष्टिकोन पुरतो. घरच्या भिंगानें १८ मिलिमीटरवर सुमारें ६६ अंशच दिसतात हें खरें. पण १० मिलिमीटरच्या साध्या रुंद भिंगानें निकॉनवर ९९ अंश आणि कॅननवर ९६ अंश येतात व खांब खांबांसारखे सरळ राहतात. कॅननचें १० ते १८ आणि निकॉनचें १० ते २० मिलिमीटरचें अशीं भिंगें याच श्रेणीच्या कॅमेऱ्यांसाठीं काढलेलीं आहेत. लहान खोल्या, देवघर, मंगल कार्यालयांतील पंगत यांसाठीं वाचकांस मत्स्यनेत्राऐवजीं तेंच घ्यावयास आम्ही सुचवूं.

मग मत्स्यनेत्र कोठें वापरावें ? मध्यबिंदूंतून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात, हें सूत्र पुतण्यास आठवलें. त्यानें कॅमेरा चौकाच्या मधोमध फरशीवर उताणा ठेवला, बटनाला दहा सेकंदांचा अवधि लावला आणि आम्हां सर्वांना माडीच्या कठड्याशीं उभें केलें. आतां उभे खांब चित्राच्या मध्याकडे धांवणाऱ्या रेषा झाले व एकही वांकला नाहीं. चौकटीच्या लांब बाजूंस ओसरीचे खांब, आंखूड बाजूंस माडीचे कठडे, त्यांवरून वांकून पाहणारे आम्ही, आणि मध्यभागीं आभाळाचा तुकडा. लहानपणीं उन्हाळ्याच्या रात्रीं चौकांत अंथरुणावर पडलें असतां वाडा जसा दिसे, तसाच तो त्या चित्रांत आला. हें चित्र दुसऱ्या कोणत्याही भिंगानें घेतां आलें नसतें. मात्र असें चित्र वर्षांतून कितीदां घ्यावयाचें, हाही प्रश्न आहे. आमचें काम दोन दिवसांच्या भाड्यांत भागलें.

लहानाचें मोठेपण

आतां मॅक्रो भिंगाकडे वळूं. त्याची खरी कसोटी एकच : वस्तु सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उमटते कीं नाहीं. यालाच १:१ प्रमाण म्हणतात. या प्रमाणांत निकॉनच्या लहान सेन्सरवर २३.५ मिलिमीटर रुंदीचा भाग चौकट भरून टाकतो. म्हणजे तांदळाचे चार-पांच दाणे ओळीनें ठेवले तरी पुरे. पुष्कळ झूम भिंगांवर 'मॅक्रो' असें छापलेलें असतें, पण त्यांचें प्रमाण १:३ किंवा १:४ पुढें जात नाहीं. ग्राहकानें शब्दाला न भुलतां आंकडा पाहावा. निकॉन मात्र आपल्या खऱ्या मॅक्रो भिंगांस 'मायक्रो' म्हणतें. त्यांतलें पहिलें १९५६ सालीं निघालें, आणि तें फुलपांखरांसाठीं नव्हे, तर जपानी चित्रलिपींतील बारीक अक्षरांचे कागद सूक्ष्मपटावर उतरविण्यासाठीं होतें. ही हकीकत ऐकून वहिनींस फार समाधान वाटलें.

नाभीय अंतर निवडतांना वस्तूपासून किती दूर राहतां येईल हें पाहावें. ३५ किंवा ४० मिलिमीटरच्या भिंगानें १:१ चित्र घ्यावयाचें तर भिंगाचें तोंड वस्तूपासून अवघ्या तीन-चार सेंटिमीटरांवर येतें. भिंगाचीच सावली पडते आणि मुंगीसुद्धां पळून जाते. कॅननच्या ३५ मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगाला म्हणूनच पुढें छोटे दिवे बसविलेले आहेत. ६० मिलिमीटरच्या भिंगानें सुमारें नऊ-दहा, आणि ९० ते १०५ मिलिमीटरच्या भिंगानें त्याहूनही कांहीं सेंटिमीटर अधिक जागा मिळते. कागद, नाणीं, दागिने, भरतकाम यांना ४० किंवा ६० मिलिमीटर पुरे आणि खर्चही कमी. ज्यांना बागेंतील किडे, कोळी, चतुर यांची आवड आहे, त्यांनीं थोडे थांबून, पैसे सांठवून ९० ते १०५ मिलिमीटरचेंच घ्यावें. टॅमरॉनचें ९० मिलिमीटरचें भिंग या कामासाठीं अनेक वर्षें नांवाजलेलें आहे. शिवाय हींच भिंगें मनुष्याच्या मुखचित्रासही उत्तम, हा लाभ निराळा.

मॅक्रोची खरी अडचण भिंग घेतल्यावर कळते. १:१ प्रमाणांत एफ/८ वर स्पष्टतेची खोली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक असते. तुळशीच्या मंजिरीचें एक फूल स्पष्ट आलें कीं त्यामागचें पुसट होतें. अ‍ॅपर्चर फार लहान करावें तर विवर्तनामुळें सगळेंच चित्र मऊ पडतें. एफ/८ ते एफ/१६ यांच्या दरम्यान राहणें बरें. श्वासाच्या हेलकाव्यानेंही चित्र बिघडतें. म्हणून तिवई वापरावी, मागील पडद्यावर चित्र मोठें करून भिंग हातानें जुळवावें आणि बटन दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र उघडेल अशी योजना करावी. किड्यांचीं चित्रें पहांटे घ्यावीं. थंडीनें ते सुस्त असतात व वाराही पडलेला असतो.

पैसे खर्चण्यापूर्वीं

मॅक्रोची हौस आहे, पण ती टिकेल कीं नाहीं याची ज्यांस शंका आहे, त्यांच्यासाठीं कमी खर्चाचे तीन मार्ग आहेत. पहिला असा कीं, घरच्या १८ ते ५५ च्या भिंगाचीच परीक्षा पाहावी. ५५ वर ठेवून शक्य तितकें जवळ गेल्यास तें सुमारें एक तृतीयांश प्रमाण देतें, आणि पुष्कळांस एवढेंच हवें असतें. दुसरा मार्ग, भिंगाच्या तोंडावर बसणारी जवळचें दाखविणारी कांच. ही म्हणजे कॅमेऱ्याचा वाचण्याचा चष्माच होय. तिसरा, कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्यें बसवावयाच्या पोकळ नळ्या. ५० मिलिमीटरच्या भिंगामागें २५ मिलिमीटरची नळी घातली कीं अर्धें प्रमाण मिळतें. या नळ्यांत कांच नसल्यानें चित्राचा कस फारसा उतरत नाहीं, पण कॅमेऱ्याशीं जोडणारे विजेचे संपर्कबिंदु असलेल्याच घ्याव्या; नाहींतर अ‍ॅपर्चर आपल्या ताब्यांत राहत नाहीं. याउलट मत्स्यनेत्राची नक्कल करणाऱ्या, भिंगावर फिरवून बसवावयाच्या स्वस्त कांचांच्या नादीं कोणीं लागूं नये. त्यांनीं चित्राच्या कडा पुसट होतात आणि पैसे वायां जातात.

जुनें भिंग घेतांना त्याच्या एका बाजूनें विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूनें आंत पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी होय, आणि किंमत कितीही उतरली तरी तें भिंग परत करावें. आपल्या पावसाळी हवेंत, विशेषतः कोंकणांत, चांगल्या भिंगासही ही बाधा होते. हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंग ठेवावें, पुड्या मधून मधून बदलाव्या, आणि चामड्याच्या पिशवींत तें कधींही बंद करून ठेवूं नये.

आमचा निर्णय

अखेरीस आम्हीं मत्स्यनेत्र परत केलें आणि जुन्या बाजारांतून ४० मिलिमीटरचें मायक्रो भिंग विकत घेतलें. थोरल्या बंधूंनींच तसें सुचविलें. "चौक एकदांच जायचा आहे, त्याचें चित्र झालें," ते म्हणाले; "वह्या मात्र पुष्कळ आहेत." मे महिन्याच्या सुट्टींत माडीवर टेबल मांडून, पानाच्या दोन्ही बाजूंस पंचेचाळीस अंशांवर दोन दिवे ठेवून, वहिनी आणि पुतण्या रोज दोन तास पानें उतरवीत असत. सबंध पानाला १:१ प्रमाण लागत नाहीं. पण मॅक्रो भिंग पानाच्या कडा वांकवीत नाहीं आणि कोपऱ्यांतील अक्षरही मधल्या अक्षराइतकेंच स्पष्ट देतें, हा त्याचा मोठा गुण. जेथें शाई उडाली होती तेथें जवळून पुन्हां चित्र घेतलें, आणि संगणकावर काळें-पांढरें गडद केल्यावर पुष्कळ ओळी वाचतां आल्या. नथीचें आणि टाकांचें मात्र एका बाजूनें तिरपा उजेड सोडून चित्र घेतलें. त्याशिवाय मोत्यांचा गोलावा व टाकांवरची झिजलेली मुद्रा दिसेना.

मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनीं पुढें त्या पानांचें बाळबोध करून दिलें. त्यांत एका पानावर सुताराचा हिशेब निघाला. चौकाच्या आठ खांबांचें लांकूड, घडणावळ, आणि काम पुरें झालें त्या दिवशीं कारागिरांना दिलेला शिधा. थोरल्या बंधूंनीं तो कागद दोनदां वाचून घेतला. वाडा ज्येष्ठांत उतरविला गेला. सध्यां आम्ही भाड्याच्या जागेंत आहों. तेथें बैठकीच्या खोलींत फरशीवरून घेतलेलें तें आभाळाचें चित्र लावलेलें आहे आणि त्याखालीं सुताराच्या हिशेबाचें पान. आई संध्याकाळीं दिवा लावल्यावर चित्रांतील कठड्याशीं कोण कोण उभें आहे तें नातवंडांस नांवानिशीं सांगत असते.

वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, भिंगाची निवड दुकानांत करूं नये, घरांत करावी. आपल्यापाशीं टिपून ठेवण्याजोगें काय आहे आणि तें किती दिवस राहणार आहे, याची एक यादी आधीं लिहावी. यादींत रोजचें, लहान, हातांत धरण्याजोगें अधिक असेल तर मॅक्रो विकत घ्यावें. तें वर्षानुवर्षें उपयोगीं पडेल. खोल्या आणि माणसें अधिक असतील तर साधें रुंद भिंग घ्यावें. आणि एखादें आभाळ, एखादा चौक, एखादें जुनें झाड डोक्यावर उभें असेल, तर मत्स्यनेत्र दोन दिवस भाड्यानें आणून कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवावा. यादी मात्र आजच करावी. ट्रंकेंतील शाई आपल्या सवडीसाठीं थांबत नाहीं.